बीडीएससाठी दोन कॉलेजं मिळाली, कोणतं निवडाल?

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न सरकारी आणि खासगी डेंटल कॉलेजांचा अभ्यासक्रम व पदवी एकच असते: चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. मग फरक कुठे पडतो?

ओपीडी: तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी खऱ्या पेशंटवर काम करतात. दात काढणं, दात भरणं, कवळी बनवणं हे पुस्तकातून जमत नाही. पेशंटच कमी असतील तर हात बसणार कसा? म्हणून इमारतीपेक्षा सकाळची ओपीडीतली रांग पाहा. इंटर्न्सना विचारा, स्वतः किती दात काढले?

खर्च: फीसोबत हॉस्टेल, मेस, उपकरणं धरून पाच वर्षांचा हिशेब मांडा. पुढे स्वतःचं क्लिनिक टाकायलाही भांडवल लागतं. शिक्षणाचंच कर्ज फिटलं नसेल, तर ते स्वप्न लांबतं.