शिष्टाचारापुरता खर्ज

चेलो घेऊन एसटीने प्रवास करू नये. केलाच, तर निदान मेव्हण्याबरोबर करू नये. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला जाताना कंडक्टरने त्या भल्यामोठ्या पेटीकडे पाहून विचारलं, "आत कोण आहे?" 'काय' नव्हे, 'कोण'!

माझं व्हायोलिन आणि मेव्हण्याचा चेलो ही जोडी गेली पंचवीस वर्षं नातेवाइकांचा अंत पाहते आहे. पण हरि आणि हर जिथे एकाच नावात सुखाने नांदतात, नेमकं तिथेच आमचं बिनसलं. निमित्त तार्तिनीचं.

जुझेप्पे तार्तिनी हा इटलीतला व्हायोलिनचा बादशहा. १७२१ साली तो पादुआच्या संत अंतोनीच्या चर्चमध्ये नोकरीला लागला. त्याच साली तिथे आंतोनियो वांदिनी नावाचा चेलोवालाही लागला. दोघांची गट्टी अशी जमली, की १७२३ साली सम्राट सहाव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला दोघे मिळून प्रागला गेले ते तीन वर्षं तिकडेच राहिले. (आपल्याकडे त्याच १७२३ साली थोरल्या बाजीरावांनी हरिहरेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मी हे मेव्हण्याला सांगितलं, तेव्हा तो वांगी-बटाट्याच्या भाजीत गुंतला होता.)

संध्याकाळी मुक्कामाच्या ओटीवर आम्ही तार्तिनीचा एक छोटा सोनाटा काढला. व्हायोलिनला सगळी नक्षी. चेलोला एका ओळीत मोजून चार स्वर. मेव्हणा मात्र ते चार स्वर लक्ष्मीपूजनाच्या रुपयांसारखे जपून मांडत होता. तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, "तुला ठाऊक आहे का? तार्तिनीने १७५० साली एका मित्राला लिहिलंय, की या छोट्या सोनाटांना खर्ज लिहिला तो केवळ शिष्टाचार म्हणून. तो स्वतः खर्जाशिवायच वाजवायचा. खरा हेतूही तोच!"

मेव्हण्याने गज खाली ठेवला. "मग भावजी, तुम्ही खरा हेतू वाजवा," म्हणाला आणि प्रदक्षिणेच्या वाटेला लागला.

मी एकटाच वाजवू लागलो. घरमालकांच्या आई वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो दुसरा का हो थांबला? मघाशी बरं वाटत होतं."

आता पुढची गोष्ट मी मेव्हण्याला सांगितलीच नव्हती. १७७० च्या फेब्रुवारीत तार्तिनी गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार पादुआला पोचला. तार्तिनी ऐकायला मिळाला नाही, पण चर्चमध्ये म्हातारा वांदिनी अजून वाजवत होता. गज जुन्या पद्धतीने, हात खालून धरून. इटालियन लोक म्हणत, वांदिनीचा चेलो बोलतो. एवढ्या बोलक्या सोबत्याशेजारी जवळजवळ तीस वर्षं बसून तार्तिनीने ते पत्र लिहिलं! वांदिनीने ते वाचलं असतं तर पादुआतही कोणीतरी प्रदक्षिणेला गेला असता.

त्यातून ही प्रदक्षिणा म्हणजे कड्यातल्या पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून. भरती लागली की वाट बंद! मी व्हायोलिन तसंच ठेवून धावलो. मेव्हणा एका खडकावर बसला होता. पाणी दहा हातांवर आलेलं.

"चल," मी म्हटलं, "म्हातारीला खर्ज हवाय."

"आणि तुम्हाला?"

"मला काय... सूर हलतो माझा, तू नसलास की."

उठताना त्याने माझा हात धरला. म्हणजे माझाच पाय शेवाळावरून घसरत होता.


रात्री सोनाटा पुन्हा पहिल्यापासून घेतला. या खेपेला त्याने मुद्दाम दुप्पट जोरात वाजवलं.