अम्लपित्त आणि आनूप देश

कल्याणजवळ उल्हास नदीच्या कांठीं मोहने गांव आहे. नदी, भाताचीं खाचरें आणि चार महिने पाऊस असलेल्या अशा प्रदेशास आयुर्वेदाचे ग्रंथकार आनूप देश म्हणतात. छातींतील जळजळीच्या इतिहासाचा आरंभ आम्ही येथून करतों, ह्याचें कारण एका पोथींत आहे.

चरक व सुश्रुत ह्यांनीं अम्लपित्तास स्वतंत्र अध्याय दिलेला नाहीं. चरकसंहितेंत शब्द मात्र आहे. अम्लपित्त उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत ती कुळथास अग्रस्थान देते. कुळथाच्या पिठीवर वाढलेल्या कोंकणी वाचकास हें विशेष वाटेल. पुढें माधवनिदानांत ह्या व्याधीस निराळें प्रकरण मिळालें. तेथें ऊर्ध्वग व अधोग असे भेद केले असून, आंबट-कडू ढेकरांबरोबर हृदय व कंठ ह्यांचा दाह हें लक्षण सांगितलें आहे. येथें 'हृदय' शब्दावरून हृद्रोग समजूं नये. जठरांतील आम्ल रस अन्ननलिकेंत चढल्यानें हा दाह होतो.

व्याधीचा भूमीशीं संबंध काश्यपसंहिता जोडते. तिच्या खिलस्थानांत म्हटलें आहे कीं, अम्लपित्त बहुधा आनूप देशांत होतें. त्यावर जांगल, म्हणजे कोरड्या, देशांतील औषधें द्यावीं, आणि गुण न आल्यास रोग्यानें दुसऱ्या देशीं जावें. आजचें वैद्यक ह्या दाहाचें कारण भूमींत शोधीत नाहीं. तथापि वैद्य आपल्या प्रदेशाकडे कोणत्या दृष्टीनें पाहत, हें ह्या वचनावरून कळतें. आणि तें आपल्या हातीं आलें तें नेपाळांतील एका खंडित ताडपत्री पोथीमुळें. पंडित हेमराज शर्मा ह्यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती संहिता १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली.

योगरत्नाकरांतील अम्लपित्ताधिकारांत सूतशेखर हा रस येतो. त्यांत पारा व गंधक ह्यांबरोबर शंखभस्म आहे. तें क्षारधर्मी असल्यानें आम्लता मारतें. असे योग जुन्या वैद्यांच्या बाडांत उतरून घेतलेले असतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, आद्यंत नाहीं एवढ्यावरून औषधांचीं सुटीं पानें टाकूं नयेत. त्यांवर गांवाचें नांव असल्यास तें अवश्य टिपावें. कोंकणांतल्या वैद्यानें रोग्यास घाटावर धाडलें कीं घरींच कुळीथ सोडावयास सांगितलें, ह्याचा निर्णय अशा एखाद्या पानावरूनच व्हावयाचा आहे.