धुराची वाट

मोटारीचा इतिहास लिहिणारे लोक इंजिनात काय जाते याबद्दल भरभरून लिहितात. बाहेर काय पडते, त्याची दखल बहुधा प्रदूषणाच्या प्रकरणातच घेतली जाते. मला मात्र गेली काही वर्षे या मागच्या बाजूचाच नाद लागला आहे. निमित्त झाले ते गॅरेजांतून हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याचे : ‘टर्बो गाडी आहे, सायलेन्सर मोकळा केला की पळेल.’ हे वाक्य निम्मे खरे आहे. ते कुठवर खरे, हे पाहायचे तर स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावापासून सुरुवात करावी लागते.

आल्फ्रेड ब्युखी याचा जन्म याच गावचा, १८७९चा. इंधनात असलेल्या शक्तीपैकी साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. त्या धुराने एक टर्बाइन फिरवायचे, त्याच दांड्यावर बसवलेल्या पंख्याने हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबायची, अशी त्याची कल्पना. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. कल्पना सोपी, पण लालबुंद धूर सोसणारा धातू तेव्हा कुठे होता? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ही यंत्रणा बसली, आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० देऊ लागले.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे १९२५चे पेटंट, कारण ते निव्वळ नळ्यांबद्दल आहे. इंजिनाचा धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. सगळ्या सिलिंडरांच्या नळ्या एकाच ठिकाणी जोडल्या, तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. म्हणून ब्युखीने सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची नळी टर्बाइनपर्यंत वेगळी नेली. आज ‘ट्विन-स्क्रोल’ म्हणून जाहिरातीत जे झळकते, त्याचे मूळ या नळीकामात आहे. पार्ट आणून बसवणाऱ्या आजच्या हौशी मंडळींना हे नाव ठाऊक नसते, याची गंमत वाटते.

मधला टप्पा विमानांचा. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी तो गाठला. १९१८ साली मॉस यांनी लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन विरळ हवेत २३०वर आले होते. टर्बो जोडताच ३५६ झाले.

मोटारीत ही गोष्ट आली १९६२ साली, अमेरिकेत, एकाच कंपनीच्या दोन घरांतून जवळजवळ एकाच वेळी. ओल्ड्समोबिल जेटफायरला दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट होते, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. शिवाय पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडायची सोय होती. त्याची टाकी भरायला मालक विसरत, आणि पुढे कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले.

दुसरी गाडी शेवरोलेची कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर, १५० अश्वशक्तीची. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके यंत्र हेच. तिला वेस्टगेट नव्हतेच. मग दाब आवरायचा कोणी? कार्बोरेटरने आणि सायलेन्सरने! सायलेन्सर मुद्दाम कोंडता ठेवला होता. धूर अडला की टर्बाइनचा वेग आपोआप मर्यादेत राही. आता एखाद्या मालकाने तो ‘जुनाट’ सायलेन्सर काढून मोकळा बसवला, की टर्बो सुसाट सुटे आणि इंजिनाच्या जिवावर बेते. ज्याला आपण अडथळा म्हणतो, तोच तिथे लगाम होता. गॅरेजातल्या त्या वाक्याचा खोटा भाग इथे उघडा पडतो.

पुढे १९७७मध्ये रेनोने सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत टर्बो उतरवला. गाडी वाफ सोडत थांबे, म्हणून इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हटले. १९७९मध्ये दिजॉंला रेनोच जिंकली, आणि हसणारे गप्प झाले.

खरा भाग समजायला थोडे विज्ञान लागते. टर्बाइन फिरते ते अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडचा दाब कमी केला, तर तोच धूर जास्त काम करतो आणि टर्बो लवकर जागा होतो. म्हणून टर्बाइनला लागून असलेला डाउनपाइप रुंद केल्याने ताकद वाढते, हे बरोबरच आहे. मात्र वेस्टगेट लहान असेल, तर दाब ठरलेल्या मर्यादेवर चढत राहतो. कॉर्व्हेअरची कहाणी नव्याने सुरू होते. इंजिनाचा संगणक त्याप्रमाणे नीट बसवून घ्यावा लागतो. शेपटाकडचा डबा बदलून ताकद नाममात्र वाढते, आवाज तेवढा वाढतो.

मोहाचे कारणही समजण्यासारखे आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या आरएस आवृत्तीत १.८ लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. त्याच घराण्यातले इंजिन ऑडी टीटीत १८० आणि २२५ देत होते. आपल्या पदरात कमी टाकले आहे, हे ज्याला कळले तो स्वस्थ कसा बसेल?

अडचण वेगळीच आहे. डाउनपाइपमध्येच, टर्बाइनच्या लगत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो, कारण त्याला काम करायला उष्णता लागते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा बंदोबस्त करते. आपल्याकडे एप्रिल १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. रुंद डाउनपाइप घेणारे बरेच जण ही जाळी काढूनच टाकतात. त्यांना मिळालेल्या अश्वशक्तीतला काही वाटा सिग्नलला शेजारी थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसांतून वसूल झालेला असतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. अंमलबजावणी मात्र कानांनी होते. जप्त केलेले सायलेन्सर भर रस्त्यात मांडून पोलीस त्यांवर रोडरोलर फिरवतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. ते सायलेन्सर असतात बुलेटचे. टर्बाइन स्वतःच धुराचा बराच आवाज गिळते, त्यामुळे मागचा डबा कंपनीचाच ठेवून मधली जाळी तेवढी काढलेली मोटार त्याच चौकातून, त्याच रोडरोलरच्या बाजूने, निमूटपणे निघून जाते.