नेरळ–माथेरान रेल्वे : घाटातली वाटचाल

खारघर, कळंबोली किंवा पनवेलमधून स्वच्छ हवेच्या दिवशी पूर्वेकडे पाहिले, की प्रबळगडाच्या पाठीमागे माथेरानचा लांबट, सपाट माथा दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाने नेरळपासून वर चढणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ पासून पर्यटकांची ने-आण करीत आहे. कोणी तिला ‘मिनी ट्रेन’ म्हणते, कोणी ‘फुलराणी’. रायगड जिल्ह्याच्या पर्यटनाचा इतिहास सांगताना या रेल्वेला वगळून पुढे जाता येत नाही.

माथेरानची पहिली वाट मात्र पनवेलच्या बाजूची. मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी त्या काळी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि चौकमार्गे बोरघाटाकडे जाई. याच चौक गावी मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम होता. तेथून ते डोंगर चढून गेले आणि वरची दाट झाडी व थंड हवा त्यांच्या मनात भरली. वर त्यांनी बांधलेले ‘द बाइक’ हे घर माथेरानच्या पहिल्या बंगल्यांपैकी एक. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला राजाश्रय दिला. माथ्यावर पायवाटा आखल्या गेल्या, ‘पॉइंट’ ठरले आणि बंगल्यांची संख्या वाढू लागली.

१२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला आणि माथेरानचा पायथा बदलला. पनवेल–चौकाची वाट मागे पडून नेरळची वाट रुळली. मुंबईतील पारशी, बोहरी, गुजराती आणि युरोपियन कुटुंबे उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागली. त्यांच्यासाठी खाणावळी आणि हॉटेले उभी राहिली. ‘रग्बी’सारखे हॉटेल त्याच शतकात सुरू झाले. मॅलेट यांच्या ‘बाइक’चेही पुढे हॉटेल झाले आणि सुरुवातीच्या काळातील ‘बार हाउस’ या बंगल्यात आजही पाहुणे उतरतात. मुक्कामाची सोय अशी होत गेली, तरी नेरळपासूनची चढण तशीच राहिली. घोडा, डोली, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने होती. म्हातारी माणसे, लहान मुले आणि सामानसुमान वर नेणे हा मोठा खटाटोप असे.

या अडचणीवर उपाय शोधला तो मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. नेरळला उतरल्यावर पालखी न मिळाल्याने सर आदमजींना परत फिरावे लागले आणि त्यांनी तेथेच रेल्वे आणण्याचा निश्चय केला, अशी आख्यायिका माथेरानमध्ये सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कार्य स्पष्ट आहे. भांडवल सर आदमजींचे आणि उभारणीची जबाबदारी त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची. मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला मिळाला. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार म्हणून अरुंद रुळांच्या कामात त्यांचा अधिकार होता. बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले. दरम्यान १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली. सुमारे १६ लाख रुपये खर्चून तयार झालेल्या मार्गावर मार्च १९०७ मध्ये गाडी धावली.

काम सोपे नव्हते. पायथा आणि माथा यांच्या उंचीत साडेसातशे मीटरच्या आसपास फरक, आणि तो तोडायचा अवघ्या वीस-एकवीस किलोमीटरच्या मार्गात. रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर. सर्वांत अवघड ठिकाणी वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर जावे लागते. गाडी मागे-पुढे करीत चढवण्याऐवजी नालेच्या आकाराची मोठी वळणे घेऊन डोंगराच्या कडेकडेने मार्ग नेण्यात आला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज अशी स्थानके ठेवली गेली. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आणि तोही इतका आखूड, की प्रवाशांनी त्याला ‘वन किस टनेल’ असे थट्टेचे नाव दिले. तीव्र वळणांवर चाकांना रुळांचा बाक घेता यावा म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यातून खास जुळणीची चार वाफेची इंजिने मागवली गेली. कडे फोडणाऱ्या, भराव टाकणाऱ्या आणि डोक्यावरून दगड वाहणाऱ्या मजुरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. मार्ग उभा राहिला तो त्यांच्या घामावर.

त्यानंतरची अनेक दशके चारही इंजिनांनी घाट राखला. दरवर्षी पावसाळ्यात गाडी थांबे, कामगार दरडी उपसत, भराव बांधत आणि ऑक्टोबर उलटला की शिटी पुन्हा ऐकू येई. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि पीरभॉय कुटुंबाने सुरू केलेली ही गाडी राष्ट्रीय रेल्वेच्या कुटुंबात सामील झाली. पन्नाशीच्या दशकात डिझेल इंजिने आली. वाफेची इंजिने मात्र लगेच हटली नाहीत, ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत ती सेवेत होती. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. डब्यांच्या देखभालीत कुर्डुवाडी कार्यशाळेचा वाटा मोठा आहे. कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइटची ही जुनी कर्मभूमी अशा रीतीने माथेरानशी जोडलेली राहिली.

पुढे नेरळहून मोटारीचा रस्ता गावाच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यापर्यंत आला. अर्ध्या तासात वर पोहोचवणाऱ्या टॅक्सीपुढे दोन तासांहून अधिक वेळ घेणारी गाडी टिकेल का, असा प्रश्न उभा राहिला. रेल्वेने वेगाची स्पर्धा केली नाही, करणे शक्यही नव्हते. प्रवास हाच ज्यांचा आनंद, असा प्रवासी तिच्याकडे येत राहिला. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. मोटारींना गावात प्रवेश नसल्यामुळे दस्तुरीपासून पुढे घोडा, हातरिक्षा, पायपीट आणि ही गाडी एवढेच पर्याय उरत. त्यामुळे रेल्वे ही करमणुकीपुरती न राहता गावाची गरज ठरली. २०१२ मध्ये दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत शटल सुरू झाली तेव्हा ही गोष्ट अधिकच अधोरेखित झाली. प्रवाशांबरोबर दुकानांचा, हॉटेलांचा मालही शटलच्या डब्यातून वर जाऊ लागला.

सर्वांत कठोर परीक्षा निसर्गानेच घेतली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. रूळ अधांतरी लटकले. ही गाडी आता इतिहासजमा होणार, अशी भीती व्यक्त होत होती. रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि ट्रॅकमननी मार्ग पुन्हा बांधला आणि शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, गाडी पुन्हा नेरळहून निघाली. मे २०१६ मध्ये आठवडाभराच्या अंतराने डबे दोनदा घसरल्याने सेवा थांबवण्यात आली. सुरक्षेची कामे झाल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये शटल आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला. पाठोपाठ करोनाची टाळेबंदी आली. शटलने २०२० च्या अखेरीस पुन्हा धाव घेतली, पण नेरळच्या प्रवाशांना २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात जाळीत दगड भरून संरक्षक भिंती उभारल्या गेल्या, दरीच्या बाजूला कठडे बसवले गेले आणि रुळांखालची बैठक पक्की करण्यात आली. काचेच्या मोठ्या खिडक्यांचा विस्टाडोम डबाही ताफ्यात आला.

या मार्गाचे आजचे स्थान ठरवताना पायथ्याकडचा बदलही लक्षात घ्यावा लागतो. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली तेव्हा खारघर हे भातशेतीचे गाव होते. आज ते पनवेल महानगरपालिकेतील दाट वस्तीचे उपनगर आहे. येथील कुटुंबाला सुट्टीत ठाणेमार्गे लोकलने नेरळ गाठता येते किंवा चौक–कर्जत रस्त्याने पायथा जवळ करता येतो. मॅलेट ज्या बाजूने माथेरान चढले, त्याच बाजूला आता माथेरानचा मोठा प्रवासीवर्ग राहतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे दूरचा पर्यटकही याच बाजूने येऊ लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. गावातील वाहतुकीची घडी त्यामुळे नव्याने बसत आहे आणि शटलचे महत्त्व कायम आहे.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या भारतीय पर्वतीय रेल्वे १९९९ ते २००८ या काळात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. माथेरानचा प्रस्ताव संभाव्य यादीत आहे. तो मान मिळेल तेव्हा मिळेल. पीरभॉय पिता-पुत्रांची दूरदृष्टी, कॅलथ्रॉप यांचे कौशल्य, अनाम मजुरांचे कष्ट, कुर्डुवाडीच्या कारागिरांचे हात, चालक, ब्रेकमन आणि ट्रॅकमन यांची रोजची दक्षता या सर्वांच्या बळावर ही रेल्वे शंभर वर्षांचा टप्पा ओलांडून पुढे आली आहे. २०२५ च्या पावसाळ्यानंतरही रुळांची तपासणी पूर्ण होताच नोव्हेंबरमध्ये नेरळहून गाडी सुटली. दरवर्षी पावसाने थांबवायचे आणि दरवर्षी माणसांनी पुन्हा सुरू करायचे, हाच या रेल्वेचा नेम राहिला आहे.