चित्रपटगृहातील ऑर्गन आणि ध्वनिमुद्रिकेची साक्ष

मूकपटांच्या काळी अमेरिका व इंग्लंड येथील मोठ्या चित्रपटगृहांत साथीसाठी नळ्यांचे ऑर्गन बसविलेले असत. रॉबर्ट होप-जोन्स यांनी विकसित केलेल्या विद्युत्-योजनेमुळे बासरीपासून नगाऱ्यापर्यंतचे ध्वनी एकाच वादकाच्या हाती आले.

१९२५ पूर्वी कर्ण्याच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होई. त्यात या वाद्याचा खर्ज नीट उमटत नसे. त्या वर्षी मायक्रोफोनचा वापर सुरू झाला आणि ही अडचण सरली. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट चित्रपटगृहातील वादक जेसी क्रॉफर्ड यांचे वादन त्यामुळेच घरोघरी पोहोचले. परंतु ज्या विद्युत्-तंत्राने हे वादन टिकविले, त्यानेच १९२७ नंतर बोलपट रूढ करून अनेक वादकांची उपजीविका हिरावली. नृत्यगृहांनी काहींना आधार दिला. ब्लॅकपूलच्या टॉवर नृत्यगृहात १९३० मध्ये रुजू झालेले रेजिनाल्ड डिक्सन १९७० मध्ये निवृत्त झाले.

अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटांचे वादन मावे. साहजिकच तीवर लोकप्रिय गीते उतरली. पडद्याकडे पाहत केलेली दीर्घ साथ मात्र बहुतांशी हवेत विरली. तात्पर्य, ध्वनिमुद्रिका ही वादकाच्या कौशल्याची साक्ष होय, त्याच्या नित्य व्यवसायाची नव्हे.