नाण्याच्या तळाची अक्षरे

रोमन कांस्य नाणे हाती आले की सामान्य माणसाची दृष्टी प्रथम सम्राटाच्या चेहऱ्याकडे जाते. नाणकशास्त्राचा अभ्यासक मात्र ते पालथे करून तळाकडे पाहतो. तेथे चित्राखालच्या आडव्या रेषेखाली काही बारीक अक्षरे असतात. नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले गेले, हे ती सांगतात.

ही अक्षरे राज्यकारभाराच्या गरजेतून आली. तिसऱ्या शतकात नाण्यांतील चांदी घटत गेली आणि टांकसाळींतील लबाडीही वाढली. इ. स. २७१ च्या सुमारास, ऑरेलियन सम्राटाच्या अमदानीत, खुद्द रोमच्या टांकसाळीतील कामगारांनी बंड केले व ते मोडण्यास सैन्य धाडावे लागले. अशा काळी नाणे हिणकस निघाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, याची नोंद नाण्यावरच असणे इष्ट होते. पुढे इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने चलनाची घडी नव्याने बसविली, तेव्हा लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत डझनाहून अधिक टांकसाळी बहुतांशी एकाच नमुन्याची कांस्य नाणी पाडू लागल्या. तळाच्या खुणेवाचून ती वेगळी ओळखणे दुष्कर झाले असते.

तरीही खूण वाचणे नेहमी सोपे नसते. इ. स. ३२८ च्या सुमारास गॉलमधील आर्ल नगराला ‘कॉन्स्टन्टिना’ हे नाव मिळाले आणि तेथील खूण ‘सी ओ एन एस टी’ अशी झाली. कॉन्स्टन्टिनोपलची खूण होती ‘सी ओ एन एस’. दोन्ही शहरांत अंतर सुमारे २००० किलोमीटरांचे, खुणांत मात्र एका अक्षराचे. झिजलेल्या नाण्यावर तेही उरत नाही. अशा वेळी जाणकार टांकसाळीतील विभागाचे अक्षर शोधतो. आर्लच्या नाण्यांवर ते लॅटिन असून खुणेच्या आधी येते. कॉन्स्टन्टिनोपलच्या नाण्यांवर ते ग्रीक असून खुणेनंतर येते.

खुणांच्या पूर्वीच्या काळी कारागिराच्या हातावरूनच ओळख पटवावी लागते. नीरोच्या कांस्य नाण्यावर सम्राटाच्या मानेच्या टोकाशी इवलासा गोल दिसला, तर ते नाणे रोमचे नसून लुग्डुनमचे, म्हणजे आजच्या लियाँचे, असे ठरविले जाते.

या सूक्ष्म निरीक्षणाने इतिहासाचा अर्थ कसा पालटतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. इ. स. २८६ ते २९३ पर्यंत तेथे कॅरॉसियस या बंडखोर सेनापतीची सत्ता होती. त्या काळच्या काही नाण्यांवर चेहरा आणि नाव डायोक्लेशियनचे आहे. पण तळाशी लंडनची खूण ‘एम एल’ आहे. लंडन तर कॅरॉसियसच्या ताब्यात होते. शिवाय ‘सम्राटांची शांती’ या अर्थाच्या लेखात ‘जी’ हे अक्षर तीनदा कोरले आहे, म्हणजे सम्राट तीन. रोमच्या दोघा सम्राटांच्या पंक्तीला कॅरॉसियस आपण होऊन बसला होता. खूण वाचली नाही, तर बंडखोराचा हा दावा डायोक्लेशियनच्याच खाती जमा होईल.

तामिळ प्रदेशातही चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान रोमन ताम्रनाणी पुष्कळ सापडली आहेत. बहुतेक इतकी झिजलेली असतात, की तळाची अक्षरे क्वचितच लागतात. नाणे लखलखीत करण्याच्या हौसेने कोणी त्यावर तेजाब ओतले, तर ती उरलीसुरली अक्षरेही जातात. मग हाती राहतो केवळ सम्राटाचा चेहरा. आणि तो तर साऱ्या टांकसाळींनी सारखाच छापला होता.