पुसलेला दगड

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसलं की पहिलंच स्टेशन मळवली. लोक तिथं कार्ले-भाज्याच्या लेण्यांसाठी उतरतात. मला मात्र आठवतो राजा रविवर्मांचा छापखाना. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना काही वर्षांतच मळवलीला आला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोचली. आमच्या देवघरातली लक्ष्मी त्यातलीच, आईच्या माहेरून आलेली.

शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. छपाई संपली की दगड घासून कोरा करायचा आणि त्यावरच नवं चित्र काढायचं.

रविवर्मांचा धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा, स्वतः चित्रकार, आयुष्यभर त्यांच्या सावलीसारखा राहिला. १९०५ साली तो गेला. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ ला, रविवर्माही गेले. १९७२ च्या आगीत छापखाना संपला. लक्ष्मी मात्र आमच्या भिंतीवर आहे.

आमची ही गेली, त्याला दोन वर्षं झाली. शाळेत मी चित्रकलेचा तास कधी घेतला नाही. पण हल्ली सकाळी आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा काढतो आणि खोडतो. कागद तोच, त्या दगडासारखा.

परवा सूनबाई डोकावून म्हणाली, "बाबा, डोळे आईंसारखे आलेत."

बेचाळीस वर्षं तिच्याकडे पाहिलं. हाताला तेच वळण लागलं असणार.

तो कागद मात्र खोडला नाही. वहीत ठेवलाय.